तुला कुठला कंटाळा झेपेल?

या वेळी बहुतेक पत्रं एकाच विषयावरची. शाळा संपत आली, कॉलेजला मेजर म्हणजे मुख्य विषय कुठला घेऊ, पुढे काय होणार. सगळी छापता येत नाहीत, म्हणून ज्यांनी मला स्वतःला विचारात पाडलं ती घेतलीयेत. कुणाचं उत्तर लांबलंय, कुणाचं दोन ओळीत आटपलंय, रागावू नका.

प्रश्न : ताई, मी सतरा वर्षांची आहे. मला बायो आवडतं, चित्रं काढायला आवडतात, लिहायला पण आवडतं, पण खरं सांगू का, वेड असं कशाचंच नाही. सगळे म्हणतात पॅशन फॉलो कर. माझ्या मैत्रिणीला तर लहानपणापासून माहितीये तिला काय व्हायचंय. मी एक ऑनलाइन ॲप्टिट्यूड टेस्ट दिली, त्यात आलं की तू आर्किटेक्ट, नर्स किंवा जाहिरात क्षेत्रात जाऊ शकतेस. आता यातून मी काय समजू?
– सगळंच थोडं थोडं

उत्तर : अगं वेड नाही म्हणून एवढी घाबरतेस कशाला, सतराव्या वर्षी ज्यांना वेड असतं त्यातल्या बऱ्याच जणांना त्या कामाच्या फोटोचं वेड असतं. डॉक्टर म्हटलं की गळ्यातला स्टेथोस्कोप दिसतो, रात्री तीन वाजता भरायचे केसपेपर दिसत नाहीत. मैत्रिणीचं खरंही असेल, पण तिच्याशी शर्यत लावू नकोस.

आधी टेस्टचं बोलू. १९४८ साली बर्ट्राम फोरर नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने वर्गातल्या मुलांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाच्या हातात त्याचा खास निकाल ठेवला. हे वर्णन तुला किती लागू पडतं असं विचारल्यावर मुलांनी ५ पैकी सरासरी चारच्या वर मार्क दिले, म्हणजे वा, हा तर अगदी मीच. आणि सगळ्यांच्या हातात कागद एकच होता! तोही राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेल्या वाक्यांचा. तेव्हा 'तुम्ही सर्जनशील आहात पण तुम्हाला स्थैर्यही हवं असतं' असं काही स्क्रीनवर आलं की जरा हसून सोडून द्यायचं.

पण सगळ्या टेस्ट टाकाऊ नसतात हां. जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये आवडीनिवडींचा एक सिद्धांत मांडला, त्यातूनच पुढे सहा गट रुळले : हाताने करायची कामं, शोध घेण्याची, कलेची, माणसांना मदत करण्याची, लोकांना पटवून पुढे नेण्याची आणि नीट शिस्तीत नोंदी-आकडे सांभाळण्याची. बहुतेक माणसं दोन-तीन गटांत बसतात, तुझं बायो-चित्र-लेखन हे शोध आणि कला असं काहीतरी दिसतंय. याचा उपयोग फक्त एवढाच की बघायच्या गोष्टींची यादी छोटी होते. अमेरिकन सरकारचा ओ-नेट नावाचा मोफत डेटाबेस आहे, त्यात शेकडो व्यवसाय हॉलंडच्या याच गटांप्रमाणे लावलेत आणि प्रत्येकापुढे त्या माणसाला रोज काय काय करावं लागतं त्याची यादी दिलीये. पगाराचा रकाना आधी बघू नकोस, ती कामांची यादी वाच. तुझी तिन्ही जिथे एकत्र येतात अशीही कामं तिथे सापडतील, म्हणजे मेडिकल इलस्ट्रेशन, विज्ञानलेखन वगैरे.

आता माझी गोष्ट सांगते, कारण मी जिथे आपटले तिथे अजूनही मुलं आपटताना दिसतात. मी केमिस्ट्री घेतली. का, तर आमचे सर भारी शिकवायचे. खडू घेऊन अख्खा फळा रंगवायचे, मध्येच किस्से सांगायचे, मला वाटलं मला केमिस्ट्री आवडते. कॉलेजला गेल्यावर सर नव्हते, फक्त केमिस्ट्री होती. तीन वर्षं मी प्रयोगशाळेत घड्याळाकडे बघत उभी होते आणि शेजारचा मुलगा मात्र ब्युरेटमधून एकेक थेंब सोडताना दोन तास हलायचा नाही, चौथ्यांदा टायट्रेशन चुकलं तरी परत पहिल्यापासून, आणि तोंडावर काही त्रास नाही. मला तेव्हा अक्कल आली. धडा आवडणं सोपं असतं, धडे आवडावेत असेच लिहिलेले असतात. त्या कामातला रटाळ भाग कुणाला झेपतो ते बघायचं. पुढे मी संपादनाच्या कामाला लागले, तिथे एकच मजकूर सहाव्यांदा वाचून स्वल्पविराम हलवायचा असतो, आणि लोक म्हणतात बाई तुला वैताग येत नाही का. नाही येत ना!

म्हणून तू एक कर. आवडणारे विषय एका बाजूला लिही आणि त्यांच्यासमोर लिही की वाईट शिक्षक असतानाही यातला कुठला भाग मी स्वतःहून वाचला. मग प्रत्येकातलं रटाळ काम शोध. बायोमध्ये ते पिपेटने शेकडो नळ्या भरणं, पेशी मोजणं, वहीत तारीख घालून सगळं टिपून ठेवणं. डिझाइनमध्ये तेच चित्र क्लायंटला आवडलं नाही म्हणून बाराव्यांदा बदलणं, तेही तुझ्या मते बिघडवून. लेखनात परत परत कापणं. यातलं कुठलं वाचून पोटात गोळा आला आणि कुठलं वाचून 'हे काय, करेन की' असं वाटलं? मेजर त्या दुसऱ्या बाजूला आहे.

प्रश्न : ताई मला कॉम्प्युटर सायन्स घ्यायचंय पण आता एआय कोड लिहितो, सगळे म्हणतात चार वर्षांनी डिग्री घेऊन बाहेर येशील तेव्हा नोकरीच नसेल. मग कशाला घेऊ? आणि कॉम्प्युटर सायन्स, आयटी, डेटा सायन्स, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग हे सगळं एकच आहे ना?
– एरर ४०४

उत्तर : तुझा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचाय म्हणून तो आधी. एकच नाही रे. कॉम्प्युटर सायन्समध्ये बरंच गणित असतं, डिस्क्रीट मॅथ्स, अल्गोरिदम, सिद्धता, ऑपरेटिंग सिस्टिम आतून कशी चालते, कंपायलर, म्हणजे आपला कोड मशिनच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम, कसा बनतो. पहिल्या वर्षी ॲप बनवायला शिकवतील म्हणून आलेली मुलं गणितातली इंडक्शनची सिद्धता बघून हबकतात. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगमध्ये भर असतो तो मोठी सिस्टिम दहा जणांनी मिळून कशी बांधायची, टेस्ट कशी करायची, दुसऱ्याचा पाच वर्षं जुना कोड कसा सांभाळायचा यावर. आयटीमध्ये नेटवर्क, सर्व्हर, सुरक्षा, चालू यंत्रणा बंद पडू न देणं. डेटा सायन्स म्हणजे मुख्यतः स्टॅटिस्टिक्स, आणि प्रत्यक्षात बराचसा वेळ घाणेरडा डेटा धुवून काढण्यात जातो. नावांवर जाऊ नकोस कारण प्रत्येक विद्यापीठ आपापल्या मनाने नावं ठेवतं, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा सिलॅबस उघड. पहिलं वर्ष सगळीकडे सारखंच असतं, तिथे काही कळत नाही.

आता एआय. भविष्य सांगणाऱ्यांबद्दल एक किस्सा ऐक. जेफ्री हिंटन, ज्यांना २०२४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं आणि ज्यांच्या कामावर आजचा एआय उभा आहे, ते २०१६ मध्ये म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन वाचणारे डॉक्टर, तयार करणं आता थांबवायला हवं, कारण पाचेक वर्षांत मशिनच ते काम जास्त चांगलं करेल. रेडिओलॉजिस्ट अजून आहेत, कित्येक देशांत तर कमी पडतायत. एवढा मोठा माणूस चुकला कारण स्कॅन वाचणं हा त्या कामाचा एक तुकडा आहे, कुठला स्कॅन काढायचा ते ठरवणं, बाकीच्या डॉक्टरांशी बोलणं, सुई घालून नमुना घेणं आणि चुकलं तर जबाबदारी अंगावर घेणं हे राहतंच. तू ज्या कुणाचं ऐकून घाबरलायस त्याला हिंटनपेक्षा जास्त कळतं का ते तूच बघ.

पण मी 'काही होत नाही रे, बिनधास्त जा' असं पण म्हणणार नाही. एटीएमचं उदाहरण दोन्ही बाजूंनी बोलकं आहे. पहिलं मशिन १९६७ साली लंडनमध्ये बसलं, मग सगळ्यांना वाटलं बँकेतले कॅशिअर गेले. अमेरिकेत नंतर कित्येक दशकं ते गेले नाहीत उलट थोडे वाढले, कारण एका शाखेला माणसं कमी लागायला लागली, शाखा चालवणं स्वस्त झालं, मग बँकांनी शाखाच जास्त उघडल्या आणि कॅशिअरचं काम नोटा मोजण्यावरून गिऱ्हाइकाशी बोलण्यावर सरकलं. आणि मग मोबाइल बँकिंग आलं तेव्हा मात्र ते खरंच कमी व्हायला लागले. म्हणजे 'मशिन आलं, माणूस राहिला' हेही खरं आणि 'पुढचं मशिन आलं, माणूस गेला' हेही खरं, आणि कुठलं कधी होणार ते आधी कुणालाच कळत नाही.

मग करायचं काय? 'कोड टाइप करायची नोकरी' एवढाच हिशेब मांडून जाणार असशील तर मलाही काळजी वाटते, कारण नवीन पोरांना शिकण्यासाठी दिली जाणारी छोटी छोटी कामंच हे एआय आधी खाणार असं मला वाटतं. पण ज्याला बिघडलेला प्रोग्राम चार तास उकलत बसायला मजा येते, ज्याला 'हे असं का चालतं' हे कळल्याशिवाय झोप येत नाही, त्याला हे शिकणं वाया जाणार नाही. तपासायचं असेल तर अमेरिकेतल्या एमआयटीचे कोर्सेस त्यांच्या ओपनकोर्सवेअर या साइटवर फुकट आहेत, अल्गोरिदमच्या कोर्समधला एक प्रॉब्लेम सेट घे आणि एआयची मदत न घेता शनिवार-रविवार त्याच्याशी झगड. सुटला नाही तरी चालेल, तुला तो कळण्याइतकं अजून शिकवलेलंच नाही. सोमवारी परत त्याच्याकडे वळावंसं वाटलं का, एवढंच बघायचं.

प्रश्न : नमस्कार ताई. माझी मुलगी गणितात खूप हुशार आहे. आम्हा दोघांना वाटतं तिने इंजिनिअरिंगला जावं, ती मात्र सायकॉलॉजी म्हणून हटून बसलीये. रोज रात्री जेवताना वाद होतो, आता तर ती आमच्याशी बोलत पण नाही. आम्ही तिचे दुश्मन आहोत का? सायकॉलॉजीला काय स्कोप आहे?
– एक हैराण बाप

उत्तर : दुश्मन नाही हो, घाबरलेले आहात, आणि घाबरलेला माणूस जेवणाच्या टेबलावर स्कोप हा शब्द फार वापरतो.

चार्ल्स डार्विनचे वडील डॉक्टर होते. त्यांनी पोराला १८२५ साली एडिंबरोला मेडिकलला घातलं. तेव्हा भूल देण्याचं तंत्र आलेलं नव्हतं, ऑपरेशन बघताना हा तिथून पळून गेला, आणि दोन वर्षांत मेडिकलच सोडलं. मग वडील म्हणाले बरं, धर्मगुरू हो, आणि केंब्रिजला पाठवलं. डिग्री झाली आणि १८३१ मध्ये बीगल जहाजावर जायचं आमंत्रण आलं, वडील म्हणाले हा काय वेडेपणा. पण, आणि मला हे फार आवडतं, त्यांनी दार पूर्ण लावलं नाही. म्हणाले, कुणी एक समजूतदार माणूस तुला जा म्हणणारा शोधून आण, मी परवानगी देतो. डार्विनने मामाला पुढे केलं, मामाने एकेक आक्षेप खोडून काढला आणि वडिलांनी शब्द पाळला.

तुम्ही पण तेच करा. मुलीला सांगा, या क्षेत्रात काम करणारी तीन माणसं शोध, एक नुकतं लागलेलं, एक पंधरा वर्षं मुरलेलं आणि एक हे सोडून दुसरीकडे गेलेलं, आणि आपण दोघं मिळून त्यांच्याशी बोलू. तिथे 'स्कोप काय आहे' असं विचारू नका, त्यावर प्रत्येकजण ठोकळेबाज उत्तर देतो. 'काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय केलंत' असं विचारा. कालचा दिवस कुणालाही सजवून सांगता येत नाही. सोडून गेलेल्या माणसाचं मात्र जरा चवीपुरतंच घ्या, तो चिडलेला असू शकतो. पण बाकीचे जे सांगत नाहीत ते तो सांगतो.

तोवर थोडी माहिती तुमच्यासाठी आणि थोडी तिच्यासाठी. तिला हे माहीत हवं की नुसत्या पदवीवर ती कुणाची थेरपिस्ट होणार नाही, बहुतेक देशांत पुढे मास्टर्स किंवा डॉक्टरेट, त्यात अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काम आणि मग लायसन्स, असा लांबचा रस्ता आहे. आणि औषधं लिहून देणारा सायकियाट्रिस्ट व्हायचं असेल तर आधी डॉक्टरच व्हावं लागतं, ही दोन वेगळी दारं आहेत. तुम्हाला हे माहीत हवं की सायकॉलॉजीच्या डिग्रीत स्टॅटिस्टिक्स भरपूर असतं, किती मुलांना तिथेच घाम फुटतो, आणि तुमच्या मुलीला नेमकं तेच येतं. चाचण्या तयार करणं आणि तपासणं याचं सायकोमेट्रिक्स म्हणून अख्खं क्षेत्र आहे, लोक ॲप वापरताना कुठे अडतात हे शोधणारे रिसर्चर असतात, मेंदू आणि कॉम्प्युटर दोन्ही एकत्र अभ्यासणारं कॉग्निटिव्ह सायन्स आहे. म्हणजे गणित वाया जातंय ही तुमची भीती तर निघाली. आणि पहिल्या वर्षी तिने सायकॉलॉजीबरोबर गणिताचा पेपर चालू ठेवावा एवढं मात्र तुम्ही मागून घ्या, ते मागणं रास्त आहे. का ते खालच्या एका उत्तरात येतंय.

प्रश्न : मोठ्या नावाच्या कॉलेजात नको असलेला विषय की साध्या कॉलेजात हवा असलेला?
– घाईत

उत्तर : विषय. अपवाद एकच, त्या मोठ्या कॉलेजात एका वर्षानंतर मेजर बदलता येतो हे नियमात लेखी असेल तर. 'बदलून मिळतो म्हणे' हे चालणार नाही.

प्रश्न : मला फिजिक्स करायचंय, खरंतर ॲस्ट्रॉनॉमी. पण घरी मला लवकर कमवायला लागणं गरजेचं आहे, त्यामुळे अकाउंटिंग घेणार आहे. मनात सारखं येतं की आपण कायमचं चुकतोय. नंतर बदलता येतं का?
– दुर्बीण

उत्तर : घरची गरज हे कारण कमी दर्जाचं आहे असं कुणी म्हणालं तर त्याला सांग तू भर फी. ते खरं कारण आहे आणि त्यावर निर्णय घेणं याला तडजोड वगैरे म्हणत स्वतःला कमी लेखू नकोस.

सी. व्ही. रामन माहितीयेत ना, त्यांनी १९०७ मध्ये सरकारच्या अर्थखात्यात नोकरी धरली, कारण तेव्हा विज्ञानावर पोट भरण्याची सोयच नव्हती. दहा वर्षं दिवसा हिशेब आणि कलकत्त्यात असताना ऑफिसच्या आधी-नंतर तिथल्या एका संस्थेच्या प्रयोगशाळेत. १९१७ ला कमी पगार स्वीकारून प्राध्यापक झाले, १९२८ ला रामन परिणाम, १९३० ला नोबेल. आता सगळेच रामन नसतात आणि ऑफिसनंतर फिजिक्स हा सल्ला ऐकायला सोपा आणि करायला महाकठीण आहे हे मला कळतं. पण एक बारकावा बघ, त्यांनी नोकरी धरली तेव्हा फिजिक्सचं एमए त्यांच्या खिशात होतं.

म्हणून 'बदलता येतं का' याचं उत्तर विषयावर अवलंबून आहे. बदलतात तर खूप जण, अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या २०१७ च्या एका अहवालात बॅचलर्सच्या, मेजर ठरवलेल्या विद्यार्थ्यांपैकी साधारण एक तृतीयांश जणांनी पहिल्या तीन वर्षांत तो एकदा तरी बदललेला होता. पण दारं दोन्ही बाजूंनी सारखी उघडत नाहीत. फिजिक्सवाला अकाउंटिंगकडे कधीही येऊ शकतो, अकाउंटिंगवाल्याला फिजिक्सकडे जायचं तर मध्ये कॅल्क्युलस एक, कॅल्क्युलस दोन, डिफरन्शिअल इक्वेशन्स अशी साखळी असते, एक कडी नसली की पुढची घेताच येत नाही आणि एका कडीमागे एक सेमिस्टर जातं. इंजिनिअरिंगचंही तसंच. मेडिकल, नर्सिंग, आर्किटेक्चर ही लायसन्सची कामं, तिथे तर ठरलेल्या रस्त्यानेच जावं लागतं, आडवाट नाही. उलट पत्रकारिता, मार्केटिंग, व्यवस्थापन इथे कुठूनही घुसता येतं. अँगेला मर्केल यांची डॉक्टरेट क्वांटम केमिस्ट्रीतली आहे आणि त्या सोळा वर्षं जर्मनीच्या चॅन्सलर होत्या.

तेव्हा अकाउंटिंग घे, पण मोकळ्या विषयांच्या जागी दर सेमिस्टरला गणित घालत जा, आणि जमलं तर एक फिजिक्सचा पेपर. गणिताची साखळी तुटू दिली नाहीस तर दोन वर्षांनी तुझ्यासमोर खरोखर दोन रस्ते असतील. आणि शिष्यवृत्तीसाठी फिजिक्सला अर्ज करून ठेव ना, मिळाली तर हे सगळं गणितच बदलतं, नाही मिळाली तर काही गेलं नाही.

प्रश्न : ताई फॉर्मची मुदत चार दिवसांवर आलीये आणि मी अजून काहीच ठरवलेलं नाही!! प्लीज लवकर उत्तर द्या
– मेलो

उत्तर : मासिक तुझ्या हातात पडेपर्यंत तुझी मुदत संपलेली असणार, म्हणून हे तुला मी आधीच मेलवर पाठवलंय, इथे पुढच्या वर्षीच्या मेलेल्यांसाठी छापतेय. पहिल्या दिवशी नको असलेल्यांवर काट मार, ते सगळ्यात सोपं आणि त्यातच यादी निम्मी होते. दुसऱ्या दिवशी उरलेल्यांचे तिसऱ्या वर्षाचे सिलॅबस वाच, जिथे डोळे मिटायला लागतील तेही काट. तिसऱ्या दिवशी दोन माणसांना फोन करून त्यांचा कालचा दिवस विचार, आणि कॉलेजला फोन करून विचार की मेजर न ठरवता प्रवेश मिळतो का, खूप ठिकाणी मिळतो आणि मुलं विचारतच नाहीत. तरीही दोन उरले तर ज्यात गणित जास्त आहे तो वर टाक, तिथून खाली उतरता येतं. आणि चौथ्या दिवशी फॉर्म सकाळी भर, रात्री अकरा वाजता सगळेच भरतात आणि साइट झोपते.